सुटीतला नेम आणि देशकाल

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली, गावी जाण्याचा दिवस ठरला आणि सामानाची बांधाबांध सुरू झाली, म्हणजे अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांतून एक लहानसा वाद हटकून उपस्थित होतो. कपडे, औषधे, मुलांची पुस्तके, नातलगांसाठी घेतलेल्या वस्तू हे सारे बॅगेत बसल्यावर जी थोडी जागा उरते, ती पळण्याच्या बुटांना द्यावी की न द्यावी, हा तो वाद होय. ज्याचे बूट असतात तो म्हणतो की, वर्षभर पाळलेला नेम आठ दिवसांसाठी मोडणे बरे नव्हे. घरातील दुसरे कोणी म्हणते की, सुटी म्हणजे सुटणे. तेथेही पहाटेचा गजर लावून पळावयाचे असेल, तर सुटी घेतलीच कशाला? वाद बहुधा हसण्यावारी जातो. बूट कधी आत जातात, कधी पलंगाखाली राहतात, आणि गाडीची वेळ होते. पण हा प्रश्न दिसतो तितका क्षुद्र नाही, असे आम्हांस वाटते. माणसाचा नेम हा खरोखर त्याचा स्वतःचा असतो, की तो ज्या घरात, ज्या गल्लीत आणि ज्या घड्याळाच्या सोबतीने राहतो त्यांचा असतो, हा नीतिविचारातील एक जुना प्रश्न येथे बॅगेच्या तोंडाशी येऊन उभा राहिलेला आहे.

पळण्याचा हा नाद आपल्या मध्यमवर्गात रुजला तो गेल्या काही दशकांत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून व मुंबईची २००४ पासून भरू लागली. आणि ज्या वयात आमच्या वडिलांची पिढी काठी घेऊन फिरावयास जात असे, त्या वयाचे गृहस्थ व गृहिणी आज पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. हे चांगलेच झाले. मात्र सुटीत पळावयाचे म्हटले की, पुष्कळांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वराची झाडी किंवा गोव्याचा किनारा उभा राहतो. अशा ठिकाणी आमचा प्रश्न कसाला लागत नाही. तेथे पाहुणा हा गिऱ्हाईक असतो. त्याने पैसे मोजलेले असतात, आणि त्याच्या पळण्याने कोणाची काही गैरसोय झालीच, तर ती बिलात धरलेली असते. म्हणून आम्ही मुद्दाम धाराशिव जिल्ह्याचे उदाहरण घेतो. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या व २०२३ साली उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव हे आपले जुने नाव अधिकृतपणे परत मिळालेल्या ह्या जिल्ह्यात हवा खाण्यासाठी सहसा कोणी जात नाही. पुण्या-मुंबईचे कुटुंब तेथे जाते ते आजोळ आहे म्हणून, शेतीचा वाटा आहे म्हणून, किंवा तुळजापूरची भवानी ही कुलस्वामिनी आहे म्हणून. तेथील सुटी ही नात्यांच्या गोतावळ्यात घालवावयाची सुटी असते. आणि माणसाच्या नेमाची परीक्षा एकांतापेक्षा गोतावळ्यात अधिक चांगली होते.

प्रथम सुटीचा पक्ष मांडू, कारण तो सबळ आहे. विश्रांती ही आळसाची सबब नव्हे, ती धर्मच आहे, ह्याला तुळजापुरातच मोठा दाखला मिळतो. तेथील भवानीची मूर्ती सिंहासनावरून उतरवून वर्षातून तीन वेळा पलंगावर निजविण्यात येते. नवरात्रापूर्वी भाद्रपदात ती घोर निद्रा घेते. विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर आश्विनी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा घेते. महिषासुराशी झुंजलेल्या देवतेलाही श्रम होतात, आणि श्रम झाल्यावर तिने निजावे, तिला कोणी उठवू नये, अशी व्यवस्था जेथे भक्तांनीच करून ठेवली आहे, तेथे वर्षभर कचेरीत व लोकलगाडीत शिणलेल्या माणसाने आठ दिवस उशिरा उठावे, ह्यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? ज्या माणसाला निजता येत नाही, त्याचे जागेपणही काही खरे नव्हे.

पण हाच दाखला आणखी थोडा पुढे वाचला पाहिजे. पहिली गोष्ट ही की, ह्या निद्रेला आरंभ आहे आणि शेवटही आहे. दोन्हींच्या तिथी ठरलेल्या आहेत. श्रमनिद्रा ही नावाप्रमाणे श्रमांच्या मागून येते आणि पौर्णिमेला संपते. जिला शेवट नाही अशा विश्रांतीला आपल्या परंपरेने कोठेही पूज्य मानलेले नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या दिवसांत देवी निजलेली असते, त्याच दिवसांत तुळजापूरचे रस्ते चालणाऱ्यांनी फुलून जातात. कोजागरीच्या सुमारास सोलापुराहून हजारो माणसे सुमारे ४५ किलोमीटरांची वाट पायी तुडवीत येतात, आणि त्यांतील कित्येक अनवाणी असतात. कोणी दुकानातून, कोणी कारखान्यातून, कोणी कॉलेजातून आलेला असतो. मिळालेली सुटी तो ह्या चालण्यातच खर्च करतो. तू विश्रांती का घेतली नाहीस, असे त्याला विचारले तर प्रश्नाचा अर्थच त्याला कळणार नाही, कारण त्याच्या लेखी तो विश्रांतीच घेत असतो. ह्यावरून एवढे दिसते की, विश्रांतीचे वैर श्रमाशी नाही. तिचे वैर आहे ते दुसऱ्याने लादलेल्या, मनाविरुद्ध कराव्या लागणाऱ्या श्रमाशी. तेव्हा सुटीत पळावे की न पळावे, हा प्रश्न घाम गाळण्याचा नाही. ते पळणे आपले आहे की आपल्यावर लादलेले आहे, हा आहे.

येथे सवय आणि नेम ह्यांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. सवय ही जागेला चिकटलेली असते. ठराविक वेळी दूधवाला येतो, ठराविक वळणावर सोबती भेटतो, ठराविक बागेला तीन फेऱ्या घातल्या की झाले. ह्या खुणा आपल्याला उठवितात, पळवितात आणि घरी आणून सोडतात. त्यांत आपले कर्तृत्व किती आणि खुणांचे किती, हे गाव सुटल्याशिवाय कळत नाही. कोनिग्जबर्गचा तत्त्ववेत्ता कांट हा आपल्या फिरण्याच्या वक्तशीरपणाबद्दल प्रसिद्ध होता, आणि त्याच्या फिरण्यावरून शेजारी घड्याळे लावीत, अशी आख्यायिका आहे. परंतु हा थोर पुरुष जन्मभर आपल्या त्या परिसराबाहेर फारसा पडलाच नाही. त्याचा नेम बॅगेत भरण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नाही, आणि म्हणून तो नेम किती सवयीचा व किती निष्ठेचा होता, हे सांगणे अवघड आहे. आपण मात्र वर्षातून दोनदा तरी गावी जातो. जी गोष्ट गाव सुटताच सुटते ती सवय, आणि जी गाव सुटल्यावरही आपल्याबरोबर येते तो नेम, अशी व्याख्या केल्यास सुटी ही नेमाची शत्रू ठरत नाही. उलट, त्याची कसोटी ठरते.

पण मग नेम जसाच्या तसा उचलून न्यावा काय? दररोज दहा किलोमीटर पळणाऱ्याने धाराशिवासही दहाच पळावे काय? आमचे उत्तर नाही असे आहे. आणि ह्या बाबतीत धर्मशास्त्रे लिहिणाऱ्यांचे व्यवहारज्ञान आपल्याहून पुष्कळ पुढे गेले होते, असे दिसते. आमच्या शास्त्रकारांनी आजारी व प्रवासी ह्यांना आचारात सूट दिली. इस्लामी शास्त्रानेही प्रवाशाला नमाज तोकडा करण्याची मुभा दिली आहे आणि प्रवासात सोडलेला रोजा पुढे भरून काढावा, असे सांगितले आहे. ज्या जिल्ह्यात भवानीचे मंदिर आणि ख्वाजा शमसुद्दीन गाजींचा दर्गा, ही दोन्ही श्रद्धेची ठिकाणे आहेत, तेथे ह्या दोन्ही परंपरांची आठवण एकत्र होणे योग्यच आहे. दोन्हींतील मर्म एकच: प्रवासात नियम लहान होतो, नाहीसा होत नाही. जो नियम लहान होऊच शकत नाही तो पहिल्या अडचणीत मोडतो, आणि एकदा मोडला की मोडण्याचीच चटक लागते. म्हणून बूट बॅगेत ठेवताना दहा किलोमीटरांची प्रतिज्ञा बॅगेबाहेर ठेवावी, हे उत्तम.

परंतु नेम लहान कशाच्या मापाने करावयाचा? आमच्या मते ह्याचे उत्तर आपल्या घरोघरच्या पूजेतच आहे. कोणतेही धर्मकृत्य करण्यापूर्वी भटजी यजमानाकडून संकल्प सोडवितात, आणि त्या संकल्पात आधी देशकालाचा उच्चार करावा लागतो. गोदावरीच्या कोणत्या तीराला आपण बसलो आहोत, कोणते संवत्सर आहे, कोणता मास, कोणती तिथी, हे सारे सांगितल्यावर मग ‘मी अमुक करतो’ हे शब्द येतात. पुष्कळांना ही नुसती पोपटपंची वाटते. आम्हांस त्यात नीतीचे एक मोठे सूत्र दिसते. मी काय करणार हे सांगण्यापूर्वी मी कोठे आहे आणि केव्हा आहे हे मला माहीत असले पाहिजे. नाही तर माझा संकल्प हवेत राहील आणि खाली उतरला, तर दुसऱ्याच्या अंगणात पडेल. पुण्याच्या बागेत केलेला पळण्याचा संकल्प धाराशिवास तसाच चालत नाही. तो तेथे नव्याने, त्या गावाच्या देशकालाचा उच्चार करून सोडावा लागतो. सामानाची बांधाबांध म्हणजे ह्या उच्चाराचा आरंभ होय.

तर आधी देश. धाराशिव बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. भोवतालच्या शिवारात काळी माती व खडकाळ माळ जवळजवळ नांदतात. शहराजवळ हातलादेवीचा डोंगर आहे, सुमारे आठ किलोमीटरांवर धाराशिवची प्राचीन लेणी आहेत, आणि ज्याला चढउतार सोसतो त्याला येथे वाटांची वाण नाही. पण सोलापूर ते धुळे हा राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर, धाराशिव आणि येरमाळ्यावरून जातो; त्याच्या कडेने अंधारात पळणे हा नेम नव्हे, अविचार आहे. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले म्हणजे लहान रस्त्यांवरही उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. तेव्हा बॅगेत एक लहान विजेरी असावी, पाठीवर दिव्याच्या उजेडात चमकणारी पट्टी असावी, आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने पळावे. बूट नवे नेऊ नयेत. पायांना सरावलेले न्यावेत. माळावर सराटे आणि बाभळीचे काटे असतात, म्हणून पातळ तळव्यांचे, शर्यतीचे म्हणून विकले जाणारे बूट येथे कुचकामाचे आहेत. पावसाळ्यात काळी माती अशी चिकटते की, शंभर पावलांत एकेक बूट शेरभर जड होतो. त्या दिवसांत डांबरी रस्ताच बरा. मोजे बुटांतच खुपसावेत, बूट जुन्या कापडी पिशवीत घालून तळाशी ठेवावेत; टोपी, मीठ-साखरेची पुडी आणि फोडावर लावावयाची चिकटपट्टी एवढे असले की पुरे. पोशाख असा असावा की, देवळाच्या वाटेने जाताना समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला मान फिरवावी लागू नये.

येथे कोणी म्हणेल की, बुटांवाचून चालणार नाही, हीच शहरी नाजूक वृत्ती आहे. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी पळणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांना भारताने ऑलिंपिकला जावे असे वाटू लागले. आणि १९२० साली अँटवर्पला गेलेल्या त्या पहिल्या पथकात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी तेथे मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांच्या आसपास पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. पुढे १९६० साली रोमला इथियोपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकली. साधनांचा डोंगर म्हणजे तयारी नव्हे, हे ह्यांवरून खास सिद्ध होते. पण ह्यावरून शहरातल्या गृहस्थाने सराट्यांच्या माळावर बूट काढून धावावे, असे मात्र सिद्ध होत नाही. त्या अनवाणी पायांमागे वर्षांचा सराव होता. तोच त्यांचे सामान होते. आपल्या पायांशी तो सराव नाही, म्हणून आपल्याला बूट लागतात. एवढे प्रामाणिकपणे मान्य करावे आणि त्यापलीकडे मनगटाची यंत्रे, पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या आणि चार रंगांचे सदरे घरी ठेवावेत.

पाण्याचा उल्लेख झाला, आणि आमच्या प्रश्नाचे खरे मर्म येथेच आहे. धाराशिव हा पर्जन्यछायेतील, वारंवार अवर्षण सोसणारा जिल्हा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेल. उन्हाळ्यात ह्या भागातील कित्येक गावे टँकरची वाट पाहतात, आणि नळाचे पाणी ज्या दिवशी येते तो दिवस घरातल्या बाईला तिथीसारखा पाठ असतो. आता अशा घरी मे महिन्यात आपण पाहुणे म्हणून गेलो आहोत. पहाटे उठून पाच किलोमीटर पळून आलो. अंग घामाने निथळते आहे. मग दोन बादल्या स्नानाला, एक बादली कपड्यांना. घरातले कोणी काही बोलणार नाही. उलट, बंबात पाणी तापवून ठेवतील, कौतुकही करतील. पण पाहुण्याचा घाम यजमानाच्या पाण्याने धुतला जातो, हे त्या कौतुकामागे लपून राहते. आपले आरोग्य ही चांगली गोष्ट खरी. पण ती दुसऱ्याच्या रांजणातून काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जो नेम आपल्या घरी निर्दोष असतो, तोच येथे, आपण काहीही न बदलता, दुसऱ्यावरचा भार होतो. कर्म तेच, देश बदलला, आणि नीती बदलली. देशकालाचा उच्चार करावा लागतो तो ह्याचसाठी.

ह्याचा अर्थ उन्हाळ्यात पळूच नये असा नव्हे. स्नानापूर्वी पळावे, म्हणजे दिवसाचे स्नान एकच राहील. लवकर वाळणारे दोनच कपडे न्यावेत, ते स्नानाच्याच पाण्यात पिळून काढावेत. रोज न पळता दिवसाआड पळावे. गावात पाणी अगदीच आटलेले असेल तर त्या सुटीत नुसते चालावे, आणि चालताना घरातल्या मुलांना बरोबर घ्यावे. इतके करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने बॅगेतून बूट काढून ठेवलेले बरे.

सामान भरते कोण, हाही एक प्रश्न आहे. पुष्कळ घरांतून असे दिसते की, गृहस्थ नेमाची भाषा बोलतात आणि बूट, मोजे, टॉवेल हे सारे गृहिणी आठवणीने बॅगेत घालते. मग गावी गेल्यावर गृहस्थ पहाटे धावावयास जातात, आणि त्या अवधीत मुलांना उठविणे, दूध तापविणे, वडीलधाऱ्यांचा चहा ही कामे गृहिणीकडे, आणि तिच्याबरोबर यजमानाच्या घरच्या सुनेकडे येतात. अशा नेमाचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा व्हावे, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. आमचे मत असे की, ज्याचा नेम त्याने आपले बूट स्वतःच्या हाताने भरावेत, आणि परत आल्यावर स्वतःच झटकून काढावेत. दुसऱ्याने भरलेले सामान नेता येते, पण दुसऱ्याने भरलेला संकल्प नेता येत नाही. आणि त्या बॅगेत बुटांचे जोड दोन का नसावेत? बायकांनी गावात पळणे शोभणार नाही, ही भीती तर निदान धाराशिवास घालू नये. खो-खोत भारतीय संघाचे नेतृत्व केलेल्या सारिका काळे ह्या ह्याच जिल्ह्याच्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मुलीची धाव येथील मैदानांना नवी नाही. नवे असेल तर ते हे की, घरातल्या कर्त्या बाईला सकाळचा एक तास मोकळा मिळावा. आणि तो तास तिला मिळवून देणे हे पतीच्या पळण्याइतकेच, किंबहुना त्याहून मोठे सुटीतले काम आहे.

रस्त्यावर पोहोचल्यावर पाहुण्याला आणखी एक गोष्ट दिसते. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्याच्या कडेने मुले व मुली पळताना आढळतात. ती हौसेने पळत नाहीत. पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्या धावेतल्या काही सेकंदांवर नोकरी, घरचे कर्ज, बहिणीचे लग्न अशा गोष्टी अवलंबून असतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरांवरच्या शाळेत जाण्यासाठी धावत. पुढे ते सैन्यात गेले, आणि ३००० मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्यपदक व २०२३ साली हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. असे एखादेच साबळे होतात. बाकीची शेकडो मुले परीक्षेच्या दिवशी काही सेकंदांनी मागे पडतात आणि पुढच्या भरतीची वाट पाहत पुन्हा पळू लागतात. आपण त्यांच्या शेजारून सुटीचे म्हणून पळत असतो. आपल्या पायांतले बूट त्यांच्या घरच्या महिन्याच्या खर्चाइतके महाग असू शकतात, ही जाणीव अप्रिय असली तरी टाळू नये. तिचा परिणाम म्हणून त्यांची कीव करू नये, आणि न विचारता उपदेश तर मुळीच करू नये. पाहुण्याने रस्त्याची बरी कड त्यांना सोडावी, कोणी बोलले तर बोलावे, आणि पळणे ही शहराने खेड्याला शिकविलेली गोष्ट आहे हा गैरसमज तेथेच टाकून परतावे.

आता काल. संकल्पात काळाचा उच्चार असतो तो केवळ तिथीपुरता नव्हे. त्या भूमीवर पूर्वी काय घडले तेही काळातच मोडते. लोहारा व उमरगा ह्या तालुक्यांत कित्येक गावे अशी आहेत की, त्यांचे रस्ते रुंद, सरळ आणि काटकोनांत छेदणारे आहेत. पळणाऱ्याला ते फार सोयीचे वाटतील. खेड्यात असे रस्ते कोठून आले ह्याचे नवलही वाटेल. ते रस्ते आले ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातून. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, चारच्या सुमारास, लोक गाढ झोपेत असताना दगडमातीची घरे कोसळली. लातूर व उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. आणि सास्तूरसारखी गावे जुनी जागा सोडून नव्या आखणीवर वसविण्यात आली. ज्या पहाटे आपण मोठ्या अभिमानाने उठतो, ती पहाट तेथील वृद्धांना निराळी आठवते. हे माहीत असलेल्या माणसाने त्या रस्त्यावर पळू नये असे आम्ही म्हणत नाही. गावे वसली ती जगण्यासाठीच वसली, आणि तेथील मुलेही त्या रस्त्यांवर पळतातच. परंतु माहीत असून पळणे आणि माहीत नसून पळणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिल्या क्रियेत माणूस त्या गावात असतो. दुसरीत तो आपल्याच गावची गल्ली पायाखाली घेऊन हिंडत असतो.

नेमाच्या पक्षाला एक इशारा देणे आता प्राप्त आहे. नेमाचा दास झालेला मनुष्य सुटीत फार केविलवाणा दिसतो. यजमानीणबाईंनी आग्रहाने वाढलेल्या पुरणपोळीकडे तो हिशेबाच्या नजरेने पाहतो. रात्री ओसरीवर गप्पा रंगात आल्या असता पहाटेच्या पळण्याचे निमित्त काढून उठतो. आणि नळदुर्गला गेला तर किल्ल्याचा घेर किती भरतो हे आधी विचारतो. त्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळात बांधलेले धरण आहे आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. नदीला पूर आला म्हणजे पाणी भिंतीवरून कोसळत असते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहू शकतो. तेथे घटकाभर स्वस्थ बसून त्या पाण्याचा आवाज ऐकणे, ह्यासारखे सुटीतले दुसरे काम नाही. ज्याला तेथे आपली फेरी अपुरी राहिली म्हणून चुटपुट लागते, त्याने नेम बरोबर आणलेला नाही. नेमाने त्याला बांधून आणलेले आहे. आजारी नातलगाच्या उशाशी बसावे लागले, लग्नघरात हात द्यावे लागले, किंवा शेतावर एखादी सकाळ घालवावी लागली, तर बूट बॅगेत तसेच राहू द्यावेत. आठ दिवसांनी ते कोरे परत आले तरी त्यांत हार मानण्याचे कारण नाही, फक्त ते का कोरे राहिले ह्याचे उत्तर आपल्यापाशी असावे. आळसामुळे राहिलेले कोरे बूट आणि माणसांसाठी राहिलेले कोरे बूट दिसावयास सारखेच असतात. भेद करणारा साक्षीदार एकटा आपणच असतो.

एवढ्या विवेचनानंतर आरंभीच्या वादाचा निकाल आम्ही असा देतो. बूट न्यावेत. सुटी ही आपल्या स्वतःच्या निवडीच्या श्रमाला परकी नाही, आणि ज्या नेमाला आपल्याबरोबर प्रवास करता येत नाही तो आपला म्हणता येत नाही. मात्र ते आपल्या हाताने भरावेत, सरावलेले न्यावेत, आणि नेम लहान करून न्यावा. गावी पोहोचल्यावर पहिल्या पहाटे दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी, आदल्या रात्रीच यजमानाला तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी कधी येते, कोणता रस्ता बरा, आणि सकाळी घरात हाताला हात कधी लागतो. ह्या तीन प्रश्नांत देशकालाचा सारा उच्चार येऊन जातो. त्यांची उत्तरे ऐकून मग किती पळावयाचे ते ठरवावे. जिल्हा धाराशिव असो की दुसरा कोणता, जेथे आपण पाहुणे आहोत तेथे आपला नेम हाही पाहुणाच असतो, आणि घरच्या माणसांना अडचण न होईल अशा बेताने त्याने उठावे, बसावे आणि धावावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.